पाण्याची गाडी आणू नये

दसऱ्याच्या सकाळी मी माझ्या नव्या मोटारसायकलचा रेडिएटर झेंडूच्या पाच माळांखाली लपवला आणि तिला तशीच डभोईच्या रस्त्याला लावली. ज्यांना मोटारसायकलीतलं कळतं त्यांनी इथंच कपाळाला हात लावला असेल. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाण्यानं गार होणाऱ्या इंजिनाच्या पुढ्यात एक जाळीची चौकट असते. इंजिनातलं तापलेलं पाणी तिच्यात येतं, समोरच्या वाऱ्यावर गार होतं आणि परत आत जातं. तो वारा मी झेंडूनं अडवला. माझा व्यवसाय भूगोल शिकवण्याचा आहे. कोणता वारा कुठून निघतो आणि कशानं अडतो, हे मी वीस वर्षं फळ्यावर बाण काढून मुलांना सांगत आलो आहे.

हा उद्योग मी का केला, हे कळायचं तर आधी रिसालदार कळायला हवेत.

बडोद्यात दांडिया बाजाराकडून सुरसागर तलावाकडे जाताना एका बोळात त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकं आणि एक मोठं लाकडी कपाट. गाडी दारात आली की रिसालदार तिच्या मालकाकडे बघायचेच नाहीत. उजवा तळहात इंजिनापासून वीतभर लांब धरायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं बोलायचे. "सावली गावाहून आलास. मध्ये कुठं थांबला नाहीस. चहाला तरी थांबायचं ने. तुला नको होता चहा, हिला हवा होता." त्यांच्या बडोदी मराठीत 'ना'चं गुजराती 'ने' झालेलं होतं. मी एकदा त्यांना फसवायला म्हणून घरापासून गॅरेजपर्यंत गाडी ढकलत नेली आणि सांगितलं की छाणीपर्यंत जाऊन आलो. त्यांनी हात धरला, डोळे उघडले आणि माझ्या कपाळावरचा घाम बघून म्हणाले, "मास्तर, तापलेलं इंजिन दुसरंच दिसतंय."

रिसालदार हे नाव गल्लीनं ठेवलेलं. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते, एवढ्यावरून लोकांनी त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. कुणी नव्या माणसानं आदरानं 'या रिसालदार' म्हटलं की ते हातातला पाना खाली ठेवायचे आणि दुरुस्ती करायचे. "रिसालदार कोण? आमचे पणजोबा मोतद्दार होते, मोतद्दार. घोड्याला दाणावैरण करायचे, खरारा करायचे, रात्री त्याच्याशेजारी झोपायचे. रिसालदार फक्त घोड्यावर बसायचा. घोडा ऐकायचा आमचं." हे ते अशा तोऱ्यात सांगायचे की ऐकणाऱ्याला रिसालदारी ही मोतद्दाराच्या बरीच खालची जागा वाटावी. मला तर वाटायचीच.

घोड्याचं सगळं शास्त्र त्यांनी जसंच्या तसं इंजिनाला लावलं होतं. लांबून पळत आलेला घोडा एकदम उभा करायचा नसतो, त्याला चालवत चालवत गार करायचा असतो. म्हणून दूरच्या गावाहून थेट गॅरेजच्या दारात येऊन कुणी चावी फिरवली की रिसालदार बोट बाहेर दाखवायचे. "सुरसागरला एक संथ फेरी मार, मग ये." तलावाला फेरी घातल्याशिवाय आत प्रवेश नाही. डभोईचे धान्याचे व्यापारी, अलकापुरीतले टाय लावलेले साहेब, सगळे फेरी घालायचे. मी एकदा घाईत होतो म्हणून फेरी जरा झटपट मारली. त्यांनी हात धरून बघितला आणि मला पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदा मी इतक्या सावकाश गेलो की एका पोलिसानं थांबवून विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना.

लाकडी कपाटात वरच्या खणात एक लोखंडी दात्यांचा खरारा आणि घोड्याच्या अंगावरून फिरवायचा एक मऊ ब्रश होता. दोन्ही पणजोबांचे. हवेनं गार होणाऱ्या इंजिनाला बाहेरून कल्ल्यांसारखी पातळ पाती असतात, त्यांच्यामधून वारा खेळला की इंजिन निवतं. त्या पात्यांमध्ये पावसाळ्याची माती वाळून बसली की रिसालदार तो खरारा काढायचे आणि हलक्या हातानं, एकेका फटीतून, माती उकरायचे. मग ब्रश. हे काम ते कधी कुणाला करू द्यायचे नाहीत आणि त्याचे पैसेही घ्यायचे नाहीत. "हा काय रिपेरिंगचा भाग आहे? ही तर अंघोळ."

आता या माणसानं पाण्याच्या इंजिनाला नाक मुरडलं तर नवल नव्हतं. गॅरेजच्या दारावर तांबड्या रंगात, एकदा मराठीत आणि एकदा गुजरातीत, लिहिलेलं होतं: पाण्याची गाडी आणू नये. टँकरवाले बिचारे ते वाचून आपली वाहनं बोळाच्या बाहेर लावायचे. रिसालदारांचं म्हणणं साधं होतं. हवेच्या इंजिनाचं दुखणं अंगावर दिसतं, पाण्याच्या इंजिनाचं पोटात असतं. नळ्या, पंप, पंखा, टाकी, आणि एवढं करून बिघडलं की रस्त्यात वाफ. गिऱ्हाईक वाद घालायचे की काका, मे महिन्यात काळ्या घोड्याच्या चौकात सिग्नलला उभं राहिलं की तुमचं हवेचं इंजिन तव्यासारखं तापतं, तिथं वारा कुठं असतो? यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मग उभं राहिल्यावर बंद कर. घोड्यालाही कळतं, उभं राहिल्यावर धावायचं नसतं."

पण गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. नव्या जोरकस गाड्या पाण्याच्या निघत होत्या. जुन्या गाड्यांचे मालक जुने होत होते. आणि या गोष्टीचा खरा जाच रिसालदारांपेक्षा त्यांच्या मुलीला होता.

केतकीला मी आठवीत भूगोल शिकवला. म्हणजे वर्गात मी होतो आणि ती खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ओळखत होती. पुढं तिनं डिप्लोमा केला आणि अलकापुरीतल्या एका शोरूममध्ये पाण्याची इंजिनं उघडायला लागली. हात बापाचा, शिक्षण नवं. तिला बापाच्याच छपराखाली काम करायचं होतं, एका बाकावर हवेची गाडी, एका बाकावर पाण्याची. रिसालदारांनी एका वाक्यात विषय संपवला. "हे मला नाही फावणार." ती वर्षभर समजावत राहिली. मग तिला पुण्याहून चांगली नोकरी आली, तेव्हा तिनं बापाला सांगितलं की दसऱ्यापर्यंत वाट बघते, तुम्ही हो म्हणालात तर राहते, नाहीतर जाते. त्या आठवड्यात रिसालदारांनी एका गाडीला दोनदा अंघोळ घातली.

मी त्याच सुमारास केतकीच्या सल्ल्यानं नवी गाडी घेतली होती. पाण्याची. तिनं मला गळ घातली. "सर, दसऱ्याला ही गाडी घेऊन या. उघड घेऊन या. तुम्ही बाबांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. तुमच्यासारखा घाबरट माणूस पाण्याच्या गाडीवर बिनधास्त डभोईला जाऊन येतो, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी बघू दे." घाबरट हा शब्द मला खटकला, पण मी छातीवर हात ठेवून वचन दिलं.

दसऱ्याला काय असायचं, तर रिसालदारांचं सीमोल्लंघन. त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी दहाबारा जण सकाळी गॅरेजसमोर जमायचे. प्रत्येक गाडीच्या दिव्याला ते स्वतः कुंकू लावायचे, पूजेतला खरारा आणि ब्रश आपल्या गाडीच्या पेटीत ठेवायचे, आणि मग पुढं त्यांची तीस वर्षांची गाडी, मागं आम्ही ओळीनं, डभोईच्या वेशीपर्यंत. तिथं हिराभागोळच्या दरवाजाशी आपट्याची पानं वाटायची आणि परत येऊन फाफडा-जलेबी. नियम एकच. सगळ्यात कमजोर इंजिन ज्या चालीनं जाईल, त्या चालीनं सगळ्यांनी जायचं.

मी घरातून वचन पाळायच्याच इराद्यानं निघालो होतो. पण वाटेत खंडेराव मार्केट लागलं आणि तिथं झेंडूचे ढीग दिसले. माझ्या डोळ्यांपुढं ती तांबडी पाटी आली, रिसालदारांचा चेहरा आला, आणि मी पाच माळा घेतल्या. पहिली शोभेसाठी होती. बाकीच्या चार शुद्ध भीतीपोटी. जाळी दिसेनाशी होईपर्यंत मी गुंडाळत गेलो. वर आसोपालवाची, म्हणजे अशोकाची, पानं खोचली. गाडी इतकी सुंदर दिसत होती की माझा भ्याडपणा मलाच भक्ती वाटायला लागला.

रिसालदार कुंकू लावायला आले, तेव्हा इंजिन चालू होतं. त्यांनी मान वाकडी करून कान लावला. "मास्तर, आवाज बंद खोलीतून आल्यासारखा का येतोय?" मी म्हटलं, "फुलं आहेत ना काका." ते माळांकडे बघत राहिले आणि पुढच्या गाडीकडे गेले. रांगेच्या टोकाला केतकी तिच्या गाडीवर बसली होती. तिनं माझी आरास बघितली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढली.

केलनपूर गेल्यावर माझ्या मीटरवर एक लाल दिवा लागला. नव्या गाडीला इतके दिवे असतात की मी फारसं मनावर घेतलं नाही. पुढं झेंडूची भाजी शिजल्यासारखा वास यायला लागला. मला वाटलं, जवळपास कुणाकडे तरी सणाचा स्वयंपाक चालला असेल. मग माळांमधून वाफ निघाली, गाडीनं जीव टाकला आणि मी रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिलो. मागचे थांबले. पुढून रिसालदार गाडी वळवून आले.

त्यांनी नेहमीप्रमाणे तळहात वीतभर लांब धरला आणि लगेच मागं घेतला. मग एकेक माळ सोडली. चार माळा नुसत्या वाफाळलेल्या होत्या, आतली पाचवी काळी पडून जाळीला चिकटली होती. ती निघाली आणि रेडिएटर सगळ्यांसमोर उघडा पडला. मला काहीतरी करणं भाग होतं. मी पाठीवरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि दुसऱ्या हातानं रेडिएटरचं झाकण धरायला गेलो.

रिसालदारांनी माझं मनगट पकडलं. त्याच क्षणी मागून केतकी ओरडली, "सर, हात काढा. उकळतं पाणी तोंडावर येईल."

रिसालदारांनी मनगट सोडलं नाही, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते मुलीकडे बघत होते. "धापा टाकणाऱ्या जनावराला पाणी दाखवायचं नाही," ते म्हणाले. "तुझ्या पुस्तकात पण हेच आहे?"

"हेच आहे बाबा."

"मग काय करायचं लिहिलंय?"

"बंद करायची. वाऱ्याकडे तोंड करून सावलीत उभी करायची. पूर्ण निवली की मग पाणी बघायचं."

रिसालदारांनी माझी गाडी एका बाजूनं धरली, केतकीनं दुसऱ्या बाजूनं, आणि दोघांनी ती एका लिंबाच्या झाडाखाली नेऊन वाऱ्याला तोंड करून लावली. मी मागून ढकलायला गेलो तर केतकीनं मला नुसतं बघूनच थांबवलं. मग बापलेक गाडीपुढं उकिडवे बसले. वर्षभरात पहिल्यांदा रिसालदारांनी विचारलं, "हे पाणी जातं कुठं?"

केतकीनं हात न लावता, हवेतच बोटानं दाखवलं. इथून इंजिनाभोवती फिरतं, आच उचलतं, या नळीनं इथं जाळीत येतं, इथं वाऱ्याला ती आच देऊन टाकतं आणि परत जातं. तिनं ते इतकं सरळ सांगितलं की मलाही समजलं, आणि मला वाटलं, आठवीत ती खिडकीशी होती तेच बरं झालं.

रिसालदारांनी तीच वाट आपल्या बोटानं हवेत पुन्हा काढली. "म्हणजे पाणी नुसतं ओझं वाहतंय," ते म्हणाले. "पागेतल्या पखालवाल्यासारखं. इथून भरलं, तिथं नेऊन ओतलं. गार करतो तो वाराच."

"वाराच, बाबा."

"हे आधी सांगायचं ने."

"तुम्ही पाटीच्या पुढं येऊ दिलं असतंत तर सांगितलं असतं."

यावर ते उठले, आपल्या गाडीच्या पेटीतून खरारा काढला आणि जाळीत अडकलेल्या पाकळ्या काढायला वाकले. केतकीनं त्यांचा हात अडवला. खरारा हातात असताना त्यांना कुणी अडवलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. "हा नको बाबा. हिची पाती फार नाजूक आहेत, वाकतील. ब्रश द्या." रिसालदारांनी खरारा पेटीत ठेवला आणि पणजोबांचा तो मऊ ब्रश काढून तिच्या हातात दिला. स्वतः पाण्याची बाटली धरून शेजारी उभे राहिले, पागेतला धाकटा माणूस उभा राहतो तसे. ती एकेक पाकळी काढत होती. शेवटची निघाली तेव्हा ते हळूच म्हणाले, "पुण्याला कळव. येत नाही म्हणून."

केतकीनं मान वर केली नाही. ब्रश मात्र थोडा वेळ एकाच जागी फिरत राहिला.

गाडी निवायला तासभर लागला. इंजिन वाचलं होतं. केतकीनं पिशवीतून रेडिएटरचं हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, काढून भरलं आणि आम्ही निघालो. सगळ्यात कमजोर इंजिनाच्या चालीनं जायचं या नियमानं त्या दिवशी अख्खं सीमोल्लंघन माझ्या चालीनं डभोईला पोचलं. हिराभागोळला रिसालदारांनी आपट्याचं पहिलं पान मुलीला दिलं. मग ओळखीचे, अनोळखी, एक चहावाला, त्याचा भाऊ, सगळ्यांना सांगत सुटले की ही माझी मुलगी, पाण्याची इंजिनं उघडते. आवाज तोच होता, ज्या आवाजात ते आम्ही मोतद्दार म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी गॅरेजची पाटी बदललेली होती. त्यांनी स्वतः रंगवली होती, अक्षरं थोडी तिरकी: पाण्याच्या गाडीसाठी मुलीला भेटावे. मराठीत आणि गुजरातीत.

त्यानंतरची काही वर्षं ते दारातल्या बाकावर बसून असायचे. पाण्याच्या गाड्यांनाही सुरसागरची फेरी लागू झाली. केतकी सांगायची, बाबा, हिला गरज नाही, हिचा पंखा आपोआप लागतो. ते म्हणायचे, फिरू दे ने, तलावाचा वारा कुणाला नको असतो. तीही मग गिऱ्हाइकाला बोट बाहेर दाखवायची. गेल्या पौषात ते आजारी पडले. मी भेटायला गेलो, कपाळावर हात ठेवला. डोळे न उघडता म्हणाले, "मास्तर, वीतभर लांब. चिकटून धरलं की आपलीच ऊब लागते." मी हात वीतभर लांब धरला. बरंच काही कळलं. चार दिवसांनी ते गेले.

यंदाच्या दसऱ्याला पुढं केतकी होती. आम्ही वीस जण होतो, अर्धे हवेचे, अर्धे पाण्याचे, आणि प्रत्येक गाडीपुढं तिनं तळहात वीतभर लांब धरला होता. परत आल्यावर मी फाफडा खात बाकावर बसलो होतो. अलकापुरीच्या एक डॉक्टरबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी भिंतीकडे बघितलं. तिथं एका खिळ्याला खरारा आहे आणि शेजारच्या खिळ्याला एक काळीठिक्कर माळ. त्यांनी आदरानं विचारलं, ही कोणत्या देवाची?

केतकीनं रेडिएटरमधून डोकंही वर काढलं नाही. "देवाची नाही. त्या बाकावर बसलेत ना, त्या सरांची. बाबा म्हणायचे, आपल्या घराण्यानं चार पिढ्या घोडे सांभाळले, गाढव सांभाळायची वेळ फक्त माझ्यावर आली."